पाण्याकडचा कर्णा

उन्हाळा लागला की आमच्या घरात दोन गोष्टी एकदम होतात. माझा भाव वधारतो आणि माझा आवाज बसतो. चैत्र-वैशाखात मी घरी फक्त आंघोळीला आणि हळदीचं दूध प्यायला येतो, असं माझी बायको मंगल पाहुण्यांना सांगते. "बाहेर अख्ख्या गावाला हाका मारतात. घरात मीठ वाढू का विचारलं तर नुसती मान हलवतात, आणि तीही हो की नाही ते कळणार नाही अशी." यावर पाहुणे हसतात. मीही हसतो, पण आवाज न करता, कारण आवाज शिल्लक नसतो.

माझा धंदा स्पीकरचा. हल्ली त्याला 'साउंड' म्हणतात आणि दारावर तशी पाटीही लावतात. माझ्या पाटीवर अजून वडिलांच्या वेळचं 'लाउडस्पीकर भाड्याने मिळतील' हेच आहे, आणि त्यातलंही 'लाउड' पावसाने गेलं आहे. दुकान निघोज्यात, बिऱ्हाड पिंपळे गुरवला, आणि पोट धरणाच्या काठावर. चाकणच्या कंपन्या मागे पडून रस्ता डोंगराकडे वळला की ते धरण दिसतं. शनिवार-रविवारी शहरातून येणारी माणसं त्याला लेक म्हणतात, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. काठावरची माणसं त्याला धरणच म्हणतात, कारण त्याने काय धरून ठेवलं आहे ते त्यांना माहीत आहे.

काठावरच्या प्रत्येक गावाची जत्रा उन्हाळ्यात. एकाची संपली की दुसऱ्याची, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जेवायला जाता यावं. माझा टेम्पो त्यांच्या मागोमाग फिरतो. सकाळी देवळात काकड्याला, दुपारी बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात, संध्याकाळी कुस्त्यांना. मधल्या दिवसांत हळदी, साखरपुडे, आणि पाणी हटून उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या जमिनीवर पोरांच्या क्रिकेटच्या मॅची. तिथे चेंडू पाण्यात गेला की सहा धावा आणि ज्याने मारला त्यानेच पोहत जाऊन आणायचा, असा नियम आहे. कॉमेंटरी मीच करतो. क्रिकेटमधलं मला काही कळत नाही, पण पोहणाऱ्याचं वर्णन मी चांगलं करतो.

माईक हातात असला की माणसं काय काय सांगायला येतात! एका नवरदेवाचे चुलते दर पाच मिनिटांनी येऊन कानात सांगत, "राव, आमचं नाव घ्या की." मी घेत गेलो. शेवटी नवरीकडचा एकजण येऊन म्हणाला, "लग्न यांचंच हाय का?" एका जत्रेत एक सून रडत आली, सासरे हरवले म्हणून. मी धोतराच्या रंगापासून मिशीपर्यंत सगळं वर्णन करून पुकारलं. थोड्या वेळाने स्वतः सासरेच काठी आपटत आले. "हरवलो कोन म्हनतो? जिलबी खात हुतो मी. आता सगळा गाव माझ्या मिशीकडं बघतोय." त्यांची समजूत काढायला मला पुन्हा पुकारावं लागलं, की हे हरवले नव्हते.

वडिलांनी मला या धंद्याचे दोनच धडे दिले. पहिला, माईकवर खोटं बोलायचं नाही. समोर घडत असेल तेच पुकारायचं. गाडा सुटला नसेल तर 'सुटला' म्हणायचं नाही, पोर सापडलं नसेल तर 'सापडलं' म्हणायचं नाही. ज्याला दिसत नाही तो माणूस तुझ्या आवाजावर विसंबून बसलेला असतो, म्हणायचे. दुसरा धडा कर्ण्याचा. कर्णा म्हणजे तो पत्र्याचा, धोतऱ्याच्या फुलासारखा भोंगा. आजच्या मोठ्या बॉक्सचा आवाज पाणी सांडल्यासारखा चहूकडे पसरतो आणि छातीत धडधडतो, पण गावाची वेस ओलांडत नाही. कर्णा पिचकारीसारखा आहे. त्याचं तोंड जिकडे कराल तिकडेच तो जातो, आणि लांब जातो. त्यातून समोर धरणाचं शांत पाणी असेल तर विचारूच नका. सकाळच्या वेळी या काठावर खोकलेलं त्या काठावर ऐकू जातं. दुपारनंतर मात्र पश्चिमेचा वारा सुटतो आणि शब्द परत तोंडावर आणून टाकतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

या काठावरच्या एका गावात भैरवनाथाचं देऊळ आहे. धरण झालं तेव्हा देऊळ उंचावर म्हणून वाचलं, वरची आळी वाचली, आणि नदीकाठची खालची आळी पाण्यात गेली. खालच्या आळीतल्या लोकांना पलीकडच्या डोंगराच्या अंगाला जागा मिळाली. पाण्यावरून पाहिलं तर समोर. रस्त्याने जायचं तर सगळ्या धरणाला वळसा. पहिल्या वर्षीच्या जत्रेला पलीकडचे एक म्हातारे होडीतून आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "देव तुमच्याकडं ऱ्हायला. निदान आवाज तरी आमच्याकडं द्या."

वडिलांनी त्या दिवशी देवळाजवळच्या चिंचेवर एक कर्णा पाण्याकडे तोंड करून बांधला. तेव्हापासून तो दर जत्रेला बांधायचा हा रिवाज पडला. त्याचं कारण नुसतं मन राखणं एवढंच नव्हतं. जत्रेच्या सकाळी भैरवनाथाची पालखी आंघोळीला पाण्यावर जाते. पूर्वी नदीवर जायची, आता धरणावर जाते. ती परत देवळाच्या पायऱ्या चढेपर्यंत बायका निर्जळी उपास धरतात. पालखी चढली की माईकवरून पुकारायचं, "देव घरी आले हो… उपास सोडा." वरच्या आळीला पालखी डोळ्यांनी दिसते. पलीकडे दिसतो तो फक्त डोंगर. त्यांचा उपास त्या कर्ण्यावर सुटायचा.

होता होता पलीकडचे बरेचजण चाकणला, भोसरीला निघून गेले. होडी बंद झाली. निर्जळी उपास धरणारी तिथे एकच उरली, हौसाआत्या. पूर्वी नदीवर जाणारी पालखी तिच्या दारावरून जायची आणि भोयांच्या पायांवर पाणी घालायचा मान तिच्या घराचा होता. ते दार आता पाण्याखाली. आत्या ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेली, ओसरीतल्या बाजेवर बसून समोरचं पाणी बघणारी.

तिची सून सुनीता चाकणच्या एका कंपनीत पार्ट पॅक करायला जाते. तिच्या हळदीला स्पीकर माझाच होता, त्यामुळे माझा नंबर तिच्याकडे होता आणि भांडायचा हक्कही. "दादा, तुमच्या भोंग्यापायी आमची म्हातारी मरंल एक दिवस," ती मला दर वर्षी सुनवायची. "अवो, फोन हाय ना आता! पालखी चढली की तुमी एक फोन टाका, मी सांगते त्यास्नी." पण फोनचं एकदा बिनसलं होतं. आदल्या एका वर्षी उन्हाचा ताप बघून आत्याच्या मुलाने मोबाईल कानाला लावला आणि "आली, आली पालखी" असं म्हणून तिला पाणी पाजलं. त्यानंतर बऱ्याच वेळाने कर्णा वाजला. आत्याने हातातला तांब्या खाली ठेवला आणि मुलाशी महिनाभर बोलली नाही. तेव्हापासून फोनवरचं तिला काहीच खरं वाटत नसे. दिवाळीला दिल्लीहून भाचा बोलला तरी ती विचारायची, "हा खरंच हाय का?"

मग ते वर्ष आलं. जत्रा कमिटीत नवी पोरं आली होती. अध्यक्ष गणेश, तिशीतला, हिंजवडीच्या कंपन्यांना दोन कॅब लावलेला, पोरगा सरळ. त्यांनी मिरवणुकीला मोठा डीजे ठरवला आणि मला देवळापुरतं आणि घाटापुरतं ठेवलं. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण मंगल हे वाचणार आहे. त्यातच पाण्याच्या कडेला नवे बंगले झाले होते आणि तिथल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली होती. हवालदारसाहेब आदल्या दिवशीच येऊन सांगून गेले, डीजे वेळेत बंद, आणि पाण्याकडे एकही भोंगा नको. गणेशने कबूल केलं. मला म्हणाला, "दादा, यंदा सांभाळून घ्या राव. परवानगी गेली तर घाटच बंद पडंल." घाट आधीच बंदीतून सुटून आलेला. मी चिंचेवरचा कर्णा गावाकडे फिरवला. सुनीताला फोन करून सांगितलं, की यंदा फोनवरच कळवतो, आत्याला समजाव.

पालखी पाण्यावर गेली, आंघोळ झाली, वाजतगाजत परत आली, पायऱ्या चढली. मी पुकारलं. सुनीताला फोन केला. आणि घाटात जाऊन बाऱ्या पुकारू लागलो. बारी म्हणजे गाड्याची एक धाव. बैल सुटले की डोळ्याचं पातं लवायच्या आत वर पोहोचतात, त्यामुळे पुकारणाऱ्याला श्वास घ्यायलाही सवड नसते. खिशात फोन वाजत राहिला तो मी ऐकलाच नाही. दोन बाऱ्यांच्या मध्ये काढून पाहिला तर सुनीताचे एकावर एक फोन.

"दादा, त्या पानी घेईनात," ती म्हणाली. आवाजात नेहमीचं भांडण नव्हतं. "मी सांगितलं, ह्यांनी सांगितलं, शेजारच्या मास्तरांनी सांगितलं. म्हनतात, देव अजून पान्यावर हाय, तुमी मला फसवताय. सकाळपासनं थेंब न्हाई. आता हाक मारली तर ओ देईनात. डोळं मिटून पडल्यात आन् ओठ हलत्यात नुसतं. डॉक्टरला बोलावलंय, त्यो वळसा घालून कवा येनार? दादा, कायबी करा."

"फोन ठेवू नकोस," म्हणून मी माईक दुसऱ्याच्या हातात दिला आणि गणेशला गाठलं. त्याने ऐकलं मात्र, घाट सोडून माझ्याबरोबर देवळाकडे निघाला. वाटेत हवालदारसाहेब उसाच्या गुऱ्हाळाशी उभे होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "किती वेळ लागेल?" मी म्हणालो, "एक वाक्य." त्यांनी हातातल्या रसाच्या ग्लासाकडे पाहिलं. "माझी आई पण असलीच होती," म्हणाले, आणि आमच्याकडे पाठ करून दुसरा ग्लास मागितला.

परवानगी मिळाली, पण देवळात पोहोचल्यावर माझेच पाय अडले. पुकारायचं काय? देव केव्हाच घरी आलेले. 'आले हो' म्हणायचं तर समोर काही घडत नाही. वडील जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांचा पहिला धडा घशात आडवा आला. देवळाचे गुरव सदाभाऊ, माझ्याच वयाचे, देवाचं सगळं तेच बघतात. त्यांना म्हणालो, "सदाभाऊ, पुकारू का? की हे खोटं होतं?"

सदाभाऊ विचारात पडले. "खोटंच की. ती त्या एका हाकंसाठी बसलीय आन् आपन शिळी हाक द्यायची व्हय?" मग त्यांनी मंडपातल्या पालखीकडे पाहिलं. "मुखवटं अजून पालखीतच हायेत. सांजचा निवद दावल्याबिगर मी उतरवत न्हाई. तू जा पान्यावर. आमी देव खाली नेतो आन् परत चढवतो."

गणेशने आ वासला. "असं चालतं?"

"देव उंबऱ्यावर जरा रेंगाळलं म्हनायचं," सदाभाऊ म्हणाले आणि जेवायला बसलेल्या भोयांना उठवायला गेले. मला वाटलं कुरकूर होईल. एकजण खरकट्या हाताने उठला आणि म्हणाला, "हौसाआत्यासाठी ना? तिनं माझ्या आज्याच्या पायावं पानी घातलंय." बाकीचेही उठले. हात धुऊन पागोटी बांधू लागले.

वारा एव्हाना सुटला होता. चिंचेवरून पुकारून उपयोग नव्हता, शब्द निम्म्या पाण्यातच पडले असते. पाण्याच्या अगदी कडेला जायला हवं होतं. आम्ही टेम्पो गवत संपेपर्यंत नेला. पुढे भेगाळलेला गाळ, वरून वाळलेला आणि आतून लोण्यासारखा. गणेशने कर्णा खांद्यावर घेतला. बॅटरी, माईक आणि आवाजाचं मशीन मी घेतलं. माझं वजन काय आहे ते मी इथे लिहीत नाही, पण त्या गाळाला ते ताबडतोब कळलं. एक पाय पोटरीपर्यंत गेला, तो काढला तर चप्पल आतच राहिली. दुसरी मी आपणहून देऊन टाकली. गणेश मागे वळून म्हणाला, "दादा, तुमी तिथंच थांबा की, मी पुकारतो." मी म्हणालो, "तिला माझा आवाज माहीत आहे." हे मी मोठेपणाने म्हणालो नाही. तेवढंच माझ्याकडे होतं.

पाण्याच्या कडेला एक दगड होता. त्यावर कर्णा टेकवून गणेशने तो दोन्ही हातांनी धरला. मी तारा जोडल्या आणि मागे वळून देवळाकडे पाहत उभा राहिलो. पायऱ्यांच्या तळाशी पालखी दिसत होती. वरच्या आळीतली माणसं काय झालं म्हणून गोळा झाली होती. इतका वेळ डीजे लावून नाचणारी पोरंही डीजे बंद करून तिथेच आली होती. मग ढोलावर टिपरी पडली आणि पालखीवरची अब्दागिरी एकेक पायरी वर चढू लागली. शेवटच्या पायरीवर ती जरा थांबली आणि आत गेली.

मी वळलो आणि पाण्यावर हाक टाकली. "देव घरी आले हो… उपास सोडा."

सुनीताचा फोन चालूच होता. मी कानाला लावला. "ऐकलं का गं?"

"डोळं उघडलं त्यांनी," ती म्हणाली. मग लांबून एक बारीक, सुकलेला आवाज आला, आणि सुनीताने तो मला सांगितला. "म्हनतात, ह्यो आवाज फोनमधला हाय. बारीक येतोय."

खरं होतं. वारा होता आणि माझा घसाही तीन जत्रांचा थकलेला. मी गणेशला कर्णा थोडा वर उचलायला सांगितलं. या वेळी मी वडिलांच्या शब्दांत माझेही घातले. "हौसाआत्या… देव घरी आले हो… पाणी प्या, आत्या."

फोन कानालाच होता. माझा आवाज माझ्या तोंडातून गेल्यावर क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग तोच आवाज मला फोनमधून परत ऐकू आला. सगळं पाणी ओलांडून, तिच्या ओसरीत पोहोचलेला. इतकी वर्षं मी पलीकडे पुकारत होतो, पण तिथे तो कसा ऐकू येतो ते मला पहिल्यांदाच कळलं. लहान, लांबचा, आपल्याला कुणीतरी घराबाहेरून हाक मारावी तसा.

मग तांब्यावर भांडं वाजलं. घोट गिळल्याचा आवाज आला, मग आणखी एक. सुनीता म्हणाली, "प्यायल्या." तिने फोन ठेवला. गणेश कर्णा मांडीवर घेऊन तिथेच गाळात बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी परवानगीचं मी आधीच बघतो."

हौसाआत्या त्या पावसाळ्यात होती. थंडीत गेली. मी दहाव्याला वळसा घालून गेलो. तिची बाज ओसरीतच होती, उभी करून भिंतीला टेकवलेली. सुनीताने चहा दिला आणि म्हणाली, "सुटलात दादा तुमी आता. आमीबी सुटलो." ओसरीतून समोर पाणी दिसत होतं आणि पाण्यापलीकडे देवळाचा कळस टाचणीच्या टोकाएवढा.

पुढच्या जत्रेला गणेशने शब्द पाळला. पाण्याकडे एक कर्णा, एक हाक, अशी परवानगी त्याने हवालदारसाहेबांना भेटून आणली होती. सकाळी मला विचारलं, "दादा, चढवायचा ना चिंचंवर?" मी म्हणालो, "आता कुणासाठी?" मी बाकीचं साहित्य उतरवलं आणि तो कर्णा टेम्पोतच ठेवला. त्याच्यावर गोणपाट टाकलं. एवढ्याशा कामाला मला बराच वेळ लागला.

पालखी पाण्यावर गेली. मी देवळाच्या पायरीवर माईक धरून बसलो होतो, गणेश शेजारीच उभा. तेवढ्यात फोन वाजला. सुनीता.

"दादा, कर्णा बांधला न्हाई व्हय यंदा?" आवाज पुन्हा भांडणाचा झाला होता. "सकाळपासनं बाजंवर बसून कान लावलाय. काकडाबी ऐकू आला न्हाई."

मी म्हणालो, "अगं, पालखी अजून पाण्यावरच आहे. चढली की लगेच फोन करतो तुला."

ओठ कोरडे पडलेला माणूस बोलण्याआधी जीभ फिरवतो, तसा आवाज फोनमधून आला.

"दुपारची शिफ्ट हाय माझी," ती म्हणाली. "कंपनीची गाडी येईल आता. पन फोन नको, दादा."

मी माईक पायरीवर ठेवला आणि टेम्पोकडे पळालो. माझ्या वयाचा आणि वजनाचा माणूस जसा पळतो, तसा. गणेश तोवर चिंचेवर अर्धा चढला होता.